बालगृहातील सेवा : आपल्या तरुणांसाठी एक व्यवसाय

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मंडळाने मला आज चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि सारे आयुष्य खडू-फळ्याच्या सान्निध्यात घालविले. तेव्हा मजकडून पांडित्याची अपेक्षा आपण करू नये. मुलांच्या सहवासात जे पाहिले आणि त्या अनुषंगाने जे वाचले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

अशा समारंभात वक्त्याने गुणवंतांना व्यवसायाची दिशा दाखवावी, असा प्रघात आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, बँक, संगणक, परदेशगमन या वाटा आपल्या मुलांना सांगाव्या लागत नाहीत. त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेल्याच आहेत. ज्या वाटेचे नाव काढताच आईबापांच्या कपाळाला आठी पडते, अशा एका वाटेविषयी मी आज बोलणार आहे. निराधार, उपेक्षित किंवा वाट चुकलेल्या मुलामुलींच्या निवासी संस्थेत, म्हणजे बालगृहात किंवा निरीक्षणगृहात, नोकरी पत्करणे ही ती वाट होय.

आपल्या महाराष्ट्राला हे कार्य परके नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या आश्रयाने १८७५ साली बालकाश्रम उभा राहिला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडविली. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या शिक्षणकार्याला त्यातूनच बळ मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका छपराखाली आणि एका पंक्तीस आणली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले, ही हकीकत आपण सर्व जाणतो. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत असताना तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळली आणि तेथील मुलांना आईची माया दिली.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट माझ्या मनात विशेष भरते. इमारत कोणी बांधली, देणगी कोणी दिली, हे शिलालेखावर असते. परंतु मूल घडले ते रात्री त्याच्या अंथरुणाजवळून फेरी मारणाऱ्या माणसामुळे. आपल्या समाजात इमारतीला देणगी देणारे पुष्कळ आहेत, आणि ते भूषणच आहे. उणीव आहे ती त्या इमारतीत राहून काम करणाऱ्या माणसांची.

आजची परिस्थिती थोडक्यात सांगतो. ‘रिमांड होम’ हा शब्द आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही, पण कायद्यातून तो केव्हाच गेला आहे. सध्या २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचे दोन वर्ग मानले आहेत. पहिला वर्ग काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांचा. यात अनाथ मुले येतात, टाकून दिलेली येतात, घरातून पळालेली येतात, भीक मागावयास लावलेली येतात, आणि ज्यांचे आईबाप असून सांभाळू शकत नाहीत अशीही येतात. असे मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि समितीच्या आदेशानेच ते बालगृहात येते. दुसरा वर्ग विधिसंघर्षग्रस्त बालकांचा, म्हणजे ज्यांच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे त्यांचा. त्यांचा विचार बाल न्याय मंडळ करते आणि चौकशी चालू असेपर्यंत गरजेप्रमाणे त्यांना निरीक्षणगृहात ठेवले जाते.

अनेकांचा समज असा की, या संस्थांत सगळी अनाथच मुले असतात. तसे नाही. पुष्कळांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि सणावाराला ते मूल दाराकडे डोळे लावून बसलेले असते. म्हणूनच कायद्याने असे तत्त्व घालून दिले आहे की, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा. आधी मुलाला त्याच्या घरी आधार देता येतो काय, ते पाहावे. शासनाची बालसंगोपन योजना याच हेतूने आहे. जे मूल हे सर्व उपाय थकल्यावर संस्थेत येते, त्याच्या वाट्याला किती दुःख आधीच येऊन गेलेले असेल, याची कल्पना आपण करावी.

आता प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहू. संस्थेत अधीक्षक असतात, परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक असतात. परंतु मुलांच्या सर्वांत निकट असतात ते गृहमाता, गृहपिता आणि काळजीवाहक. पहाटे मुलांना उठविणे, आंघोळी, न्याहारी, शाळेची तयारी, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, संध्याकाळी अभ्यास, भांडणे सोडविणे आणि रात्रीचा पहारा, असा हा दिवस असतो. ऐकावयास हे साधे वाटते. घरोघरी आया हेच करतात, त्याला शिक्षण कशाला हवे, असे आपण म्हणाल. तर याचे उत्तर एका प्रसंगाने देतो.

माझ्या शाळेत जवळच्या एका बालगृहातील मुले येत असत. त्यांतील एक मुलगा रोज दप्तरात पोळी लपवून आणी. वर्गात वास येई, मुले हसत. संस्थेत त्याला पोटभर जेवण मिळत होते. तरीही तो पोळ्या चोरी. कोणी म्हणाले, याला खोड आहे, शिक्षा करा. तेथील गृहमाता मात्र शहाणी बाई होती. तिने रात्री निजण्यापूर्वी एक डबा भरून मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवावयास प्रारंभ केला आणि सांगितले की, भूक लागली तर विचारण्याचे कारण नाही. पहिले काही दिवस डबा रात्रीतून रिकामा होई. काही आठवड्यांनी तो सकाळी जसाच्या तसा राहू लागला आणि दप्तरातील पोळीही नाहीशी झाली. त्या मुलाला चोरीची आवड नव्हती. उद्या जेवण मिळेल याची खात्री नव्हती. ही खात्री उपदेशाने किंवा छडीने देता येत नाही. ती रोज रात्री डबा भरून द्यावी लागते.

हे ओळखणे म्हणजेच या व्यवसायातील विद्या. जो मुलगा शिव्या देतो, तो कित्येकदा घाबरलेला असतो. जी मुलगी कोणाशी बोलत नाही, ती शहाणी नसून भ्यालेली असू शकते. मोठा मुलगा अंथरूण ओले करतो, तेव्हा त्याला चारचौघांत लाजविणाऱ्याने या कामात पाऊल ठेवू नये. इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात दाखविले की, लहानपणी मायेच्या एका स्थिर माणसाचा सहवास तुटला, तर मुलाच्या मनावर त्याचा खोल परिणाम होतो. अन्न, वस्त्र आणि निवारा पुरेसा नाही. तेच माणूस उद्याही तेथे असले पाहिजे.

मित्रहो, माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. या व्यवसायातील पहिला गुण म्हणजे टिकून राहणे. एका वर्षात तीन काळजीवाहक बदललेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. तिसऱ्या खेपेस ती नव्या माणसाचे नावही विचारीत नाहीत. जे मूल एकदा आईबापांनी सोडले, त्याला पुन्हा पुन्हा सोडून जाणारी माणसे भेटली, तर माणसावर विश्वास ठेवू नये हाच धडा ते शिकते. म्हणून परीक्षेचा निकाल लागेपर्यंत चार महिने काढू, अशा विचाराने कोणी तेथे जाऊ नये. जावे तर दोन-तीन वर्षे तरी राहण्याचा निश्चय करून जावे. आणि निघण्याची वेळ आली, तर मुलांना आधी सांगून, नीट निरोप घेऊन निघावे. न सांगता गेलेला माणूस मूल विसरत नाही.

टिकून राहण्याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात अमर झाले आहे. पोलंड देशात यानुश कोर्चाक नावाचे एक वैद्य व लेखक होते. १९१२ साली वॉर्सा शहरात उघडलेल्या एका अनाथगृहाचे ते चालक झाले. त्या गृहात मुलांचे स्वतःचे न्यायालय असे आणि मोठ्या माणसाविरुद्धही मुलांना तेथे तक्रार नोंदविता येई. महायुद्धात नाझी सत्तेने त्या ज्यू मुलांना कोंडवाड्यासारख्या वस्तीत डांबले. जुलै १९४२ मध्ये कोर्चाकांच्या संस्थेत मुलांनी आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेण्यात आले. कोर्चाकांना स्वतःचा जीव वाचविण्याची संधी होती. ती नाकारून ते मुलांबरोबर गेले. एवढा त्याग आपणाकडे कोणी मागत नाही. आपणाकडे मागणे आहे ते फक्त उद्या सकाळी पुन्हा कामावर हजर राहण्याचे.

आता ज्यांना ही वाट धरावीशी वाटेल, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

शिक्षणाच्या सोयी आपल्या राज्यातच उत्तम आहेत. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून, निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचे शिक्षण देत आहेत. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक अशा पदांसाठी समाजकार्य किंवा मानसशास्त्र यांची पदवी उपयोगी पडते. शासकीय संस्थांतील जागा महिला व बालविकास विभागाच्या जाहिरातीने भरल्या जातात. स्वयंसेवी संस्था आपल्या जागा स्वतः भरतात. पदवी घेण्यापूर्वी एखाद्या नोंदणीकृत संस्थेत, चालकांच्या परवानगीने, सुटीत काम करून पाहावे. आपला स्वभाव या कामाला मानवतो की नाही, ते तेथे कळते. आणि संस्था नोंदणीकृत आहे याची खात्री आधी करून घ्यावी. नोंदणीवाचून अशी संस्था चालविणे हा कायद्याने गुन्हा आहे.

वेतनाविषयी मी आपणांस अंधारात ठेवणार नाही. कित्येक जागा कंत्राटी आहेत, मानधन बेताचे आहे आणि कधी कधी ते उशिराही मिळते. नेमणूकपत्र, कामाचे तास, रात्रपाळी, साप्ताहिक सुटी आणि प्रशिक्षणाची सोय या गोष्टी विचारून घेण्यात कमीपणा मानू नये. सेवेचे काम म्हणून माणसाने झोपेवाचून राबावे, हे मला मान्य नाही. थकलेला माणूस मुलांवर ओरडतो, आणि त्याची किंमत शेवटी मूल मोजते.

कायद्याच्या मर्यादा पहिल्या दिवशीच समजून घ्याव्यात. संस्थेतील मुलाला शारीरिक शिक्षा करणाऱ्याला पहिल्या खेपेस दहा हजार रुपये दंड आणि पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय नोकरीही जाते. वृत्तपत्रात किंवा अन्य प्रसारमाध्यमात मुलाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प राहणारा मुलाचा नव्हे, अत्याचाऱ्याचा साथीदार ठरतो.

पहिल्या वर्षासाठी माझ्या चार सूचना आहेत. एक, मुलाला त्याची कहाणी विचारू नये. विश्वास बसल्यावर ते स्वतः सांगेल, आणि सांगितले तर ती योग्य अधिकाऱ्यापलीकडे जाऊ देऊ नये. दोन, पाळता येणार नाही असे वचन देऊ नये. ‘तुझी आई रविवारी येईल’ असे सांत्वनासाठी बोललेले खोटे वाक्य महिनाभराची मेहनत वाया घालविते. तीन, कोणी एक मूल लाडके करू नये. बाकीच्यांचे डोळे सर्व पाहत असतात. चार, नोंदवही नीट लिहावी.

या चौथ्या सूचनेवर थोडे अधिक बोलतो, कारण तिला कारकुनी समजून टाळले जाते. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र काळजी आराखडा करावा लागतो. मूल केव्हा आले, कोठून आले, कोणी नातलग सांगितले, आजार कोणते, शाळा कोणती, हे सर्व त्यात असते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. त्यासाठी अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि प्रमाणपत्रासाठी कागद लागतात. आपल्या घरी मुलाचा जन्मदाखला आई पेटीत जपून ठेवते. या मुलांची पेटी म्हणजे काळजीवाहकाने लिहिलेली नोंदवही होय. आपण आळसाने कोरी ठेवलेली एक ओळ दहा वर्षांनी त्या तरुणाच्या आड येते.

अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाचा मुक्काम संपतो. आपल्या घरातील अठरा वर्षांच्या मुलाला आपण स्वयंपाकघरात चहा करू देत नाही, आणि हा मुलगा जगात एकटा उभा राहतो! कायद्याने एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय सांगितली आहे. परंतु बँकेत खाते कसे उघडावे, भाड्याची खोली कशी पाहावी, पैसे महिनाअखेरपर्यंत कसे पुरवावेत, हे त्याच्या निवासाच्या काळातच शिकविले पाहिजे. शिक्षकाची कृतार्थता विद्यार्थी वर्ग सोडून पुढे गेल्यात असते. तशीच गृहपित्याची कृतार्थता मूल संस्था सोडून आपल्या पायांवर उभे राहिल्यात आहे.

शेवटी दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. हे काम करणाऱ्यांची आपण प्रशंसा करतो. मात्र स्वतःच्या घरात तो विषय निघाला की आपला सूर बदलतो. आपल्याच ज्ञातीतील एका कन्येने समाजकार्याची पदवी घेऊन मुलींच्या बालगृहात गृहमातेची नोकरी धरली. घरच्यांनी तिच्या लग्नाच्या टिपणात ‘खासगी संस्थेत नोकरी’ एवढेच लिहिले. बंधूंनो, यात लपविण्यासारखे काय होते? चाळीस मुलींची आजारपणे, परीक्षा आणि रुसवेफुगवे सांभाळणारी मुलगी ज्या घरी सून म्हणून जाईल, ते घर भाग्याचे म्हणावे लागेल. रात्रपाळी आहे, हे खरे. परिचारिकेच्या रात्रपाळीला आपल्या समाजाने एके काळी नावे ठेवली आणि आज आपणच त्यांना सन्मानाने ताई म्हणतो.

मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, आपल्या शिष्यवृत्तीत समाजकार्य शिकणाऱ्या किमान एका विद्यार्थ्याचा अंतर्भाव व्हावा. दुसरी, आपल्या वधू-वर सूचीत हा व्यवसाय त्याच्या खऱ्या नावाने छापला जावा. तिसरी, बालगृहात वाढदिवसाचे जेवण देणाऱ्या सभासदांनी मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढू नयेत, आणि त्यांची जात तर मुळीच विचारू नये. आपण ज्ञातीच्या नावाने एकत्र येतो, ते आपल्या मुलांना पुढे नेण्यासाठी. ज्या मुलाला कोणतीच ज्ञाती पुढे नेत नाही, त्याच्यासाठी आपल्यातील एखादा तरुण उभा राहिला, तर आपल्या संस्थेचे नाव अधिकच उजळेल.

आणि ज्यांना ही नोकरी करावयाची नाही, त्यांनी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक तरी ध्यानात ठेवावा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून या सेवेचा प्रारंभ झाला. स्थानकावर, रस्त्यावर किंवा शेजारच्या घरात संकटातील मूल दिसले, तर तो क्रमांक फिरविण्यास पैसे पडत नाहीत.

गुणवंत विद्यार्थ्यांनो, आपणांपैकी बहुतेक जण अन्य व्यवसायांत जातील आणि नाव काढतील. त्या सर्वांना माझे आशीर्वाद आहेत. परंतु शंभरांत एखाद्याने जरी आज घरी जाऊन आईवडिलांपाशी हा विषय काढला, आणि त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.